दगडात सापडलेला हात

"ताई, हे उलटं शिवलंय का हो?"

पुण्यात माहेरच्या गल्लीच्या तोंडाशी एक काका चपला-बॅगा दुरुस्त करायला बसतात. वर काळी छत्री, पुढ्यात पाण्याचं डबडं, शेजारी तुटक्या चपलांची चळत. माझा हातमोजा त्यांनी दोनदा फिरवून पाहिला. रबर हाताच्या पाठीवर, बोटं उघडी आणि तळवा जवळजवळ सगळाच मोकळा. त्यांच्या हिशेबात हातमोजा तळव्याला जपतो. वेल्डिंगवाला असो की बेकरीतला भट्टीवाला, सगळ्यांचे तळवेच झाकलेले असतात.

"उलटं नाही काका, असंच असतं. हा हात खडकाच्या फटीत घालायचा आणि त्याच्यावर लोंबकळायचं."

"कशासाठी?"

याचं उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं, आजही नाही. मी म्हटलं, "हौस."

"बरं," म्हणाले, आणि आरी हातात घेतली.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा मीही त्यांच्याइतकीच गोंधळले होते. कॉलेजात असताना लोणावळ्याजवळच्या नागफणीच्या कड्याला शिबिराला जायचो, तिथे हातमोजे म्हणजे रॅपलिंगचे, दोरावरून कडा उतरायचे. जाड चामड्याचा एकच जोड आणि उतरणारी मुलं तीस. आधीच्याच्या घामाने ओलाचिंब झालेला तो जोड दोराला बांधून परत वर ओढायचा आणि पुढच्याने घालायचा. त्या चामड्याचा वास आठवला की अजूनही पोटात गोळा येतो, कड्याच्या भीतीने नव्हे. चढताना मात्र हात उघडेच. सह्याद्रीचा कातळ थरांचा. लाव्हारसाचे एकावर एक थर, मधेमधे भुसभुशीत लाल पट्टे, हातात येईल तो दगड आधी ठोकून बघायचा आणि मगच भरवसा टाकायचा. फटी असतात, पण तळापासून माथ्यापर्यंत एकसारखी सरळ फट आमच्या गटाला कधी भेटली नाही. चिमणी यायची आम्हाला, म्हणजे पाठ एका भिंतीला, पाय दुसऱ्या भिंतीला. पण नुसता हात फटीत कोंबून त्यावर अंगाचा भार टाकायचा, हे कुणी शिकवलं नव्हतं आणि शिकवलं असतं तरी हसलो असतो.

ते शिकले नोकरीच्या निमित्ताने अमेरिकेत, युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीला आल्यावर, चाळिशी ओलांडताना. इथून गाडीने पाच-सव्वापाच तासांवर, मोआब गावाच्या दक्षिणेला इंडियन क्रीक नावाची दरी आहे. बेअर्स इअर्स हे राष्ट्रीय स्मारक 2016 साली जाहीर झालं, त्याच्या हद्दीत ती येते. दरीकडे जाताना रस्त्यालगत न्यूजपेपर रॉक लागतो. काळ्या पडलेल्या एकाच कातळावर हरणं, घोडेस्वार, पावलं, चक्रं अशी शेकडो चित्रं कोरलेली. पुढे दोन्ही बाजूंना लाल भिंती सुरू होतात. हा विंगेट वालुकाश्म, सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्यांचा. आपला कातळ याच्यापुढे कालचा पोर, साडेसहा कोटींचा. सगळा दगड एकजीव असल्यामुळे तडा गेला तो मधे कुठे न वळता सरळ खाली गेला. तीस-तीस मीटर उंच फट, दोन्ही कडा समांतर, सुरीने कापल्यासारखी. पकडायला खाच नाही, टेकायला कंगोरा नाही. भिंतीवर चढायला एकच गोष्ट आहे आणि ती म्हणजे भिंत जिथे नाही ती जागा.

आपल्याकडे हात दगडाखाली सापडला म्हणजे माणूस लाचार झाला. आईला फोनवर पहिल्यांदा हे सगळं सांगितलं तेव्हा ती हेच म्हणाली, "अगं, हात दगडात अडकवून घ्यायला पैसे देऊन जातेस?"

जायचं ते असं. हात सरळ ठेवून, नमस्कारातला एक हात असावा तसा फटीत घालायचा. मग अंगठा आत, करंगळीच्या मुळाकडे ओढून घ्यायचा. ज्योतिषी ज्याला शुक्राचा उंचवटा म्हणतात तो अंगठ्याखालचा मांसल गड्डा त्याबरोबर फुगतो. एका बाजूला तो आणि बोटांची टोकं, दुसऱ्या बाजूला हाताची पाठ. हाताची पाचर झाली. नीट बसली की त्यावर अख्खं अंग सोडता येतं, आणि पहिल्यांदा ते जमतं तेव्हा अगदी वेड्यासारखं हसू येतं. पण सगळा दाब हाताच्या पाठीवर. तिथली कातडी बघा. पातळ, सैल, खाली लगेच शिरा आणि हाडं. तळव्यासारखे घट्टे तिथे पडत नाहीत. वाळूचा दगड तिला किसणीसारखा लागतो. हात घसरला की बोटांच्या मुळाशी सालटं निघतं. त्या जखमांना इथले चढाईवाले 'गोबी' म्हणतात. पहिल्यांदा कुणीतरी मोठ्या प्रेमाने विचारलं, "किती गोबी मिळाल्या आज?" मी भाजीचा विचार करत होते.

जुनी माणसं हातमोजे घालत नाहीत, पट्टी बांधतात. दीड इंची चिकटपट्टीचे तुकडे बोटांच्या मधून घ्यायचे, हाताच्या पाठीवर एकावर एक बसवायचे, मनगटाभोवती गुंडाळून बंद करायचं. नीट बांधायला पंधरा मिनिटं लागतात आणि डाव्या हाताने उजव्या हाताला बांधताना शाळेतल्या स्काउटच्या गाठी आठवतात. पट्टी घामाने सुटू नये म्हणून आधी कातडीवर टिंक्चर बेन्झॉइन लावतात. तंबूशेजारी कुणीतरी पहिल्यांदा ती बाटली उघडली तेव्हा मी मान वळवून पाहिलं. वास ओळखीचा. सर्दी झाली की आई ज्या पातेल्यात दोन थेंब टाकून डोक्यावर टॉवेल घ्यायला लावायची तो वास. त्याच्याही मागे, भाचीला न्हाऊ घातल्यावर आजी निखाऱ्यावर घालायची त्या धुरीचा. बेन्झॉइन म्हणजे आपला ऊदच, स्पिरिटमध्ये विरघळवलेला. युटाच्या वाळवंटात, रात्री उणे दोन तापमानात, दाढीवाला एक आजोबा हातांना ऊद फासत बसला होता.

त्या आजोबांचं मत ठाम होतं. हातमोजे म्हणजे लबाडी. रबर दगडाला चिकटतं, हात मोठा होतो, मग चढलात कुठे? याच दरीतली सुपरक्रॅक ही प्रसिद्ध फट 1976 साली अर्ल विगिन्स आणि त्याचे साथीदार चढले तेव्हा फटीत बसवून त्यात दोर अडकवायला लागतात ते स्प्रिंगचे कॅमसुद्धा बाजारात नव्हते. रे जार्डिनचे 'फ्रेंड्स' नावाचे कॅम विकायला आले 1978 साली. समांतर फटीत षटकोनी धातूचे तुकडे अडकवत ही मंडळी वर गेली. या आठवणीपुढे मी काय बोलणार? पण मनात एक विचार आला तो आलाच, की कॅम आले तेव्हाही कुणीतरी हेच म्हटलं असणार. शिवाय माझी कातडी फुकट उगवते हे खरं, पण तिला आठवडा लागतो आणि सोमवारी मला कीबोर्ड बडवायचा असतो. पट्टीचा रोज संध्याकाळी होणारा चिकट गोळा कचऱ्यात टाकायलाही मला बरं वाटेना. एक रीळ शनिवार-रविवारात संपतं. हातमोज्याचा जोड 40 ते 60 डॉलरला मिळतो आणि नीट वापरला तर काही हंगाम जातो. सदाशिव पेठेत वाढलेल्या बाईला याहून जास्त समजवावं लागत नाही.

तरी पहिली खरेदी चुकलीच, आणि तीही सदाशिव पेठेमुळे. दुकानात दोन मापं होती. लहान माप इतकं घट्ट की घालायलाच दोन मिनिटं लागली. मग मी मोठं घेतलं. जून महिन्यात आई गणवेश घ्यायची तसं, 'वाढत्या अंगाचं'. हातमोजा पाठीवर सुरकुतला तरी चालेल, हवा खेळेल, अशी माझी समजूत. पहिल्याच दिवशी हात फटीत घट्ट बसला, हातमोजाही बसला, पण हात हातमोज्याच्या आत सरकला. दगडाने सोलायच्या ऐवजी शिवणीने सोललं. जखम तीच, वर पन्नास डॉलर गेले.

माप कसं घ्यायचं हे नंतर वेष्टनावरचा तक्ता नीट वाचला तेव्हा कळलं. अंगठा सोडून चार बोटांच्या मुळाशी, जिथे हात सगळ्यात रुंद, तिथे फीत गुंडाळायची. वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. हे माप मला लग्नापासून पाठ होतं! कासार काय वेगळं बघतो? तुळशीबागेत हात पुढे केला की तो नुसत्या नजरेने सांगायचा, "सव्वादोन." म्हणजे बांगडीचा व्यास सव्वादोन इंच, घेर सात इंचांच्या आसपास. माझ्या हातमोज्याचं योग्य माप जवळपास तेवढंच निघालं. आणि घट्टपणाही बांगडीसारखाच हवा. हात सरळ असताना चढवायला थोडा त्रास झाला पाहिजे. मूठ वळल्यावर पाठीवर ताण यावा, पण बोटं बधिर होऊ नयेत. नवा जोड पहिल्या दोन-तीन दिवसांत थोडा सैलावतो, त्यातही चामडं असेल तर जास्त.

जाडीचं गणित मात्र कासाराला येणार नाही. इथे फटीचं माप कॅमच्या रंगाने सांगतात. लाल म्हणजे एक नंबर, पिवळा दोन, निळा तीन. पिवळा कॅम साधारण 37 ते 65 मिलिमीटरच्या फटीत बसतो. मोठ्या हाताच्या पुरुषाला पिवळी फट म्हणजे घरचा सोफा. माझा हात तीत खडखडतो, तळवा वाटीसारखा वाकवून कसाबसा फुगवावा लागतो. उलट त्यांना लाल फटीत हात अर्धा शिरत नाही तेव्हा मी आरामात. एकाच फटीची अवघड-सोपी प्रत हातागणिक बदलते, आणि पुस्तकात छापलेली प्रत बहुतेक वेळा मोठ्या हाताची असते. आता हातमोजा घातला की हात दीड-दोन मिलिमीटरने जाड होतो. दोन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, असं फटीबाहेर उभं राहूनच म्हणता येतं. त्यामुळे जाड रबराचा टिकाऊ जोड पिवळ्या-निळ्या फटींसाठी मला वरदान आहे, कारण तो माझा हात मोठा करतो. बारीक फटीला तोच जोड घातला तर हात दाराशीच अडतो. तिथे पातळ जोड, नाहीतर सरळ पट्टी. एकच जोड घ्यायचा असेल तर कुठल्या फटी आपण जास्त चढतो ते आधी बघावं, मग रबराची जाडी. टिकाऊपणा त्याच्यानंतर.

आणि टिकाऊपणाचं म्हणाल तर दुकानात सगळे रबराकडे बघतात. मीही बघायचे, अंगठ्याने दाबून, जणू आंबा. रबर क्वचितच आधी जातं. आधी जातात ते बोटांत अडकवायचे फासे. हातमोजा पाठीवरून मागे सरकू नये म्हणून बोटांच्या मुळाशी हे छोटे फासे असतात. सगळा ओढा त्यांच्यावर, आणि शिवण बघावी तर शर्टाच्या बटणाइतकी. म्हणून आता मी नवा जोड हातात आला की आधी तो उलटा करते. फासा नुसता कडेला टाचलाय की रबराखाली आतपर्यंत नेऊन शिवलाय, हे तिथे दिसतं. दुसरं, मनगटावरचा वेल्क्रो. पट्टा रुंद आणि चपटा हवा, त्याचं टोक बाहेर उचललेलं नको, नाहीतर फटीची कड ते टोक धरून चर्रकन उघडते. त्यावर एक पदर चिकटपट्टी गुंडाळली की प्रश्न मिटतो. लाल वाळू वेल्क्रोच्या आकड्यांत जाऊन बसते आणि तो धरेनासा होतो. जुन्या टूथब्रशने घासला की पुन्हा धरतो. तिसरं, रबराची कड. बोटांच्या हाडांवर येऊन ती जिथे थांबते तिथे ती मुडपलेली किंवा दाबून चिकटवलेली असावी. उघडी कड म्हणजे सोलायला दिलेलं केळं.

कंपन्यांची नावं घ्यायची तर चेक देशातली ओचुन, इथली ब्लॅक डायमंड आणि आउटडोअर रिसर्च, आणि टॉम रँडल-पीट व्हिटेकर या इंग्रज जोडीची वाइड बॉइज. शेफील्डमधल्या घराच्या तळघरात लाकडाच्या फटी बांधून या दोघांनी सराव केला आणि 2011 मध्ये युटातली सेंच्युरी क्रॅक ही छतासारखी आडवी, रुंद फट पहिल्यांदा दोर-साधनांवर भार न टाकता पार केली. तळघरात उलटं लोंबकळत वर्षं काढलेल्या माणसांना हाताची पाठ कुठे सोलते हे माहीत असणार, एवढं मी धरून चालते. यापैकी अमुक घ्या असं सांगणार नाही. माझा सव्वादोनचा हात, तुमचा कदाचित अडीचचा.

रबर क्वचित आधी जातं म्हटलं, पण माझं एकदा गेलं. दुसऱ्या हंगामाच्या शेवटी उजव्या हातमोज्याचं रबर तर्जनीच्या मुळाशी आठ आण्याएवढं झिजून आतलं कापड दिसायला लागलं. बाकी सगळीकडे धड. डावा तर नव्यासारखा. मी माल खराब म्हणून कंपनीला पत्र लिहायला बसले, फोटोसुद्धा काढले. फोटो काढताना शंका आली. दोन्ही एकाच खोक्यातून आले, एकाच दिवशी घातले, मग एकच का झिजावा? पुढच्या वेळी मैत्रिणीला म्हटलं, खालून बघ माझा उजवा हात. ती दोर धरून बघत राहिली आणि मी खाली आल्यावर म्हणाली, "तू हात काढत नाहीस. ओढून घेतेस."

खरं होतं. वर सरकायची घाई. उजवा हात पुढचा, धीट, पण अधीर. पाचर सैल न करताच मी तो वर खरवडत नेत होते, प्रत्येक वेळी तर्जनीचं हाड कडेला घासत. डावा हात मागचा, भित्रा, तो बिचारा नीट मोकळा होऊन मगच हलायचा. माझ्या घिसाडघाईचा पुरावा रबरावर छापून आला होता आणि मी तो कंपनीला पाठवणार होते.

मग कासारच आठवला. लग्नाच्या आदल्या दिवशी हिरवा चुडा भरताना मी हात ताठ केला होता, दुखेल म्हणून. तो अंगठा तळव्यात दाबत, बांगडी हाडावर टेकवून थांबला आणि म्हणाला, "हात सैल सोडा. तुम्ही सोडल्याशिवाय ती जायची नाही, आणि गेली तर फुटून जाईल." फटीतून हात काढतानाही तेच. अंगठा सोडायचा, तळवा मऊ करायचा, हात पुन्हा नमस्कारातला करायचा, मग उचलायचा. ज्या अंगठ्याने पाचर होते त्याच अंगठ्याने ती सुटते. सगळा हंगाम मी मनात "सैल सोडा, सैल सोडा" म्हणत चढले. त्या झिजलेल्या ठिकाणी बुटाच्या रबराचा तुकडा चिकटवलाय, तो अजून तसाच आहे.

एक जोड मात्र निव्वळ माझ्या मूर्खपणाने गेला. जुलैत घामाचा वास जावा म्हणून गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवला. संध्याकाळी रबराच्या कडा पापडासारख्या वर वळलेल्या. उन्हाने गोंद सुटतो. गार पाण्यात हाताने धुवावा आणि सावलीत वाळवावा, लोकरीचा स्वेटर वाळवतो तसा. ड्रायरचं तर नावच नको.

तर त्या दिवशी पुण्यात काकांनी उजव्याचा तुटलेला फासा घेतला, रापीने जुन्या शिवणीचे धागे खरवडले, कडेला सोल्युशन लावलं आणि ते सुकेपर्यंत कुणाच्या तरी कोल्हापुरीचा अंगठा बसवून दिला. मग दोऱ्याला मेण लावलं. आरी रबरातून आरपार घातली, खालून दोरा आकड्यात घेतला, वर ओढला. प्रत्येक टाक्याला दोन्ही टोकं धरून एक झटका. कारखान्याने सहा टाके घातले होते, त्यांनी चौदा घातले. मी मोजले. फाशात स्वतःचं बोट घालून त्यांनी तो जोरात ओढून पाहिला आणि पहिल्यांदाच थोडं हसले.

"तीस रुपये. दुसऱ्यालाही आत्ताच घालून देऊ का? तोही जाणारच."

डावा मी हातात घेऊन पाहिला. एकही धागा सुटलेला नव्हता. "नको काका, तो चांगला आहे."

नोव्हेंबरमध्ये इंडियन क्रीकला होते. पिवळी फट, जमिनीपासून पंधराएक मीटर वर, डावा हात आत, भार टाकला आणि बोटाच्या मुळाशी काहीतरी टक् करून सुटलं. हातमोजा मनगटाकडे गोळा झाला. उजव्यावर जीव टाकून डावा काढला, दाताने वेल्क्रो उघडला आणि उघड्या हातानेच उरलेली भिंत गेले. खाली आल्यावर आजोबांनी माझ्या हाताची पाठ बघितली, काही न बोलता उदाची बाटली पुढे केली. भयंकर झोंबलं.

घरात कोनाड्यात एक पिशवी असते, पुण्याला न्यायच्या वस्तूंची. तिच्यात सध्या आईसाठी बदाम, भाचीने मागवलेले क्रेयॉन आणि डावा हातमोजा आहे.